खाडीच्या वतीने

नौपाडा, ठाणे
८ नोव्हेंबर १९८९

चि. उत्तरा हिस अनेक आशीर्वाद.

फराळाचा डबा पोचला. चकल्या तुझ्या हातच्या नाहीत हे पहिल्या घासालाच कळलं, पण तक्रार नाही. कामावर जाऊन एवढं करतेस हेच खूप.

आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. आपली आवडाबाई आठवते ना? आई तिच्याकडून मासळी घ्यायची, आणि आपण दोघी पायरीवर बसून तिचं बोलणं ऐकायचो. गेल्या रविवारी ती दारात उभी. केस पिकलेत, पण आवाज तोच. सोबत पुतण्या होता, परशुराम नावाचा. तिने खाडीतली चार बोयटं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आधी शिजव, मग बोलू. मी कालवण टाकलं. थोड्या वेळाने शेजारच्या विमलाबाई विचारायला आल्या, स्टोव्ह गळतोय का म्हणून. घरभर घासलेटचा वास होता. भांडं घासलं तरी जाईना.

"वास लागला ना, बाय? आमी हेच खाताव," आवडाबाई म्हणाली.

त्यांचा कोळीवाडा तुमच्या डोंबिवलीच्याच खाडीवर. कारखान्यांचा नाला तिथे उतरतो. निवट्या संपल्या, कोळंबी संपली. परशुरामने होडी विकली आणि भिवंडीला गोदामावर वॉचमन झाला. पाण्यात उतरणाऱ्यांच्या पायांना जखमा होतात, त्या भरत नाहीत. प्रदूषण मंडळाकडे अर्ज करून करून थकले, म्हणून आता मला वकील करून हायकोर्टात जायचं म्हणतात. मी हो म्हटलंय.

नाल्यावरच्या ज्या कारखान्यांविरुद्ध आम्ही जाणार, त्यात तुझे आनंदराव नोकरी करतात तो कारखानाही आहे. तुला आधीच सांगते, म्हणजे मागाहून तोंड चुकवायला नको. माझी बहीण त्याच कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहते, हे परशुरामला अजून बोलले नाही. सांगेन.

सायलीला गोड पापा.

तुझी
ताई

---

डोंबिवली
१९ नोव्हेंबर १९८९

ती. ताईस सा. न.

चकल्या विकतच्या होत्या. पकडलंसच शेवटी!

पत्र वाचून मी आधी घाबरलेले. मग आनंदला दाखवलं, तर तो हसला. म्हणाला, ताईंना लढू दे, मालकांचे वकील बघून घेतील, मी पगारी माणूस, माझं काय जातंय. आणि ताई, खरं सांगू? मला बरं वाटलं, तू आवडाबाईसाठी उभी राहिलीस म्हणून. आई असती तर तिलाही वाटलं असतं.

इथे नाल्याचं पाणी कधी लाल, कधी निळं. सायली शाळेतून आली की आजचा रंग कुठला ते सांगते. मला सवय झालीय, म्हणजे वासाचीसुद्धा. पाहुणे आले की ते नाक धरतात, तेव्हा आठवतं.

आनंद आता वर्क्स मॅनेजर झालाय. जुनी कंपनी बंद पडल्यावर तो घरी बसलेला ते दिवस तुला ठाऊकच आहेत. दाढीसुद्धा करायचा नाही. आता सकाळी शीळ घालत बूट घालतो. म्हणून म्हणते, जे करशील ते कारखान्यावर कर, त्याच्यावर नको.

फोन करू नकोस. क्वार्टर्सचा फोन कंपनीच्या बोर्डावरून येतो आणि पोपट नावाचा ऑपरेटर सगळं ऐकतो. पत्रच लिही.

तुझी
उत्तरा

---

नौपाडा, ठाणे
२ मार्च १९९०

चि. उत्तरा,

याचिका दाखल झाली. काल पहिली सुनावणी होती. तुला हसू येईल असं एक सांगते.

अर्जदारांत पहिलं नाव मी खाडीचं घातलं होतं. उल्हास खाडी, तर्फे वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने दावा लावणारी, आवडाबाई. अज्ञान मुलाच्या वतीने पालक दावा लावतो. देवळातल्या मूर्तीच्या नावे जमीन असते, मूर्ती खटला चालवते, आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. मग जिच्या अंगावर रोज विष ओतलं जातं ती खाडी स्वतःच्या नावाने का येऊ शकत नाही? महिनाभर पुस्तकं चाळून मी हे मांडलं होतं.

न्यायमूर्तींनी चष्मा वर केला आणि विचारलं, खाडीने वकीलपत्रावर सही कुठे केली आहे? कोर्ट हसलं. सगळ्यात मोठ्याने समोरच्या बाकावरचे मोठे वकील हसले. मी म्हटलं, मूर्तीची तरी सही कुठे असते? त्यावर न्यायमूर्तीही हसले, पण मऊपणे म्हणाले की आजच्या कायद्यात खाडी कोणी नाही, उद्याचं उद्या. नाव कापलं. बाकी अर्ज दाखल करून घेतला.

बाहेर आल्यावर माझे कान अजून तापलेले होते. आवडाबाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "नाव कापलं तं कापलं. आता आपुन तिचे वतीनं बोलू. तू हायेस ना." एवढा विश्वास कोणी टाकला की पाठ ताठ होते, आणि भीतीही वाटते.

कारखान्यांना उत्तर द्यायचं आहे, तेही शपथेवर. उत्तरा, एक ऐक. त्या प्रतिज्ञापत्रावर आनंदरावांनी सही करू नये. डायरेक्टर करोत. मी वकील म्हणून नाही, बहीण म्हणून सांगते आहे.

तुझी
ताई

---

डोंबिवली
१० एप्रिल १९९०

ती. ताई,

तुझं पत्र आलं तोवर त्याने सही करून टाकलेली.

डायरेक्टर मुंबईला बसतात, त्यांना प्लँटमधलं काय कळतं, असं म्हणून कागद त्याच्यापुढे ठेवला. त्या दिवशी घरी आला, आंघोळ केली आणि जेवलाच नाही. पित्त झालंय म्हणाला.

पण काळजी करू नकोस. त्यात खोटं काही नाही. सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट आहे, मी स्वतः पाहिलाय. फीत कापली तेव्हा मी ओवाळायला होते. मोठमोठे हौद आहेत सिमेंटचे. आनंद म्हणतो, सगळं नियमाप्रमाणे चालू आहे.

त्याने सांगितलंय की कारखान्याबद्दल तुला काही लिहायचं नाही. तेव्हा या विषयावर हे शेवटचं. सायलीच्या परीक्षा संपल्या. आंबे लागले की पाठवते.

उत्तरा

---

नौपाडा, ठाणे
१४ जानेवारी १९९१

चि. उत्तरा,

तुझी पत्रं सणावारापुरती येतात आणि मीही तशीच उत्तरं देते. पण आज हे तुला माझ्याकडून कळावं असं वाटतं. आनंदराव घरी काय बोलले, मला ठाऊक नाही.

कोर्टाने पाहणीसाठी रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना नेमलं होतं. शुक्रवारी न कळवता आम्ही तुमच्या कारखान्यात गेलो. प्राध्यापक, दोन्ही बाजूंचे वकील, परशुराम आणि आवडाबाई. फाटकावर अडवाअडवी झाली. मग आनंदराव बाहेर आले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. मी म्हटलं, नमस्कार मॅनेजरसाहेब. ते म्हणाले, या मॅडम. गेल्या राखीला ते माझ्या घरी बिरडं-भात जेवून गेले होते, उत्तरा.

हौद आहेत. तू म्हणालीस तसे मोठे, सिमेंटचे. कोरडे ठणठणीत. एकात कुत्री व्याली होती, पिल्लं उन्हात झोपली होती. पंपाला हात लावला तर गंजाचा पापुद्रा निघाला. आणि बाजूच्या पाइपातून पाणी थेट नाल्यात पडत होतं, त्या दिवशी जांभळं. प्राध्यापकांनी विचारलं, हा प्लँट शेवटचा कधी चालला? आनंदरावांनी कामगारांकडे पाहिलं, कामगारांनी पिल्लांकडे.

आवडाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. रागावली नव्हती. "साहेब, तुमचे घरी मच्छी खातात ना?" एवढंच तिने विचारलं. आनंदराव खाली मान घालून उभे होते. मला वाटलं पुढे व्हावं, तिला सांगावं की हा आमचाच माणूस. नाही सांगितलं. परतताना ती जीपमध्ये माझ्या शेजारी बसली होती आणि माझा हात तिने धरला होता, तरीही नाही सांगितलं.

आता परशुरामचं म्हणणं आहे की शपथेवर खोटं बोलणाऱ्यावर कारवाईचा अर्ज करायचा. त्याचं बरोबर आहे. कारखान्याने जाणूनबुजून कोर्टाला फसवलं हे ठरलं, तर इतक्या वर्षांची भरपाई मागायला जोर येईल. अर्ज मी लिहायला घेतला आहे. त्यात आनंदरावांचं नाव आहे.

ताई

---

डोंबिवली
१७ जानेवारी १९९१

ताई,

आनंदने काहीच सांगितलं नव्हतं. तुझं पत्र वाचून मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, सगळं खरं आहे. प्लँट चालवायला वीज लागते, मालक देत नाहीत. इन्स्पेक्टर यायचे असले की आदल्या दिवशी टँकरने हौदांत पाणी भरायचं. हे त्याला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. मी विचारलं, मग सही का केलीस? तर म्हणाला, पुन्हा घरी बसायचं नव्हतं म्हणून.

मला त्याचा राग आला आणि लगेच जास्त राग स्वतःचा आला, कारण ते ओवाळलेलं ताट आठवलं. मी काय ओवाळलं गं?

पण ताई, तू लिहितेस की अर्ज लिहायला घेतलाय. म्हणजे त्याला तुरुंग? मालकांना नाही, डायरेक्टरला नाही, सही करणाऱ्याला. सायलीच्या शाळेत कळेल. तो माणूस परत उभा राहणार नाही, मी त्याला एकदा पडलेला पाहिलाय.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. लग्नातसुद्धा नाही. तू लग्न केलं नाहीस, माझं शिक्षण केलंस, तेही तुझं तूच केलंस. आज मागते. खटला जिंक, प्लँट चालू करायला लाव, सगळं कर. फक्त तो एक अर्ज नको. तो नसला तर आवडाबाईंचं काय एवढं बिघडणार आहे?

हे आनंदला न सांगता लिहितेय.

उत्तरा

---

नौपाडा, ठाणे
६ जुलै १९९१

चि. उत्तरा,

तू मागितलंस ते झालं. तू विचारलं होतंस, आवडाबाईचं काय बिघडणार? तेही आता सांगता येईल.

अर्ज मी दाखल केला होता. तेवढी हिंमत होती. तो सुनावणीला येऊ दिला नाही. परशुराम विचारायचा तेव्हा मी म्हणायचे, त्यात वेळ जाईल, मुख्य निकाल लांबेल. तो म्हणायचा, तुमी सांगाल तसं, ताय. परवा न्यायमूर्तींनी सरळ विचारलं की अर्जदार या अर्जाचा आग्रह धरतात का? मी उभी राहिले आणि म्हटलं, नाही. एक शब्द. माझ्यामागे परशुराम बसला होता. इंग्रजीत होतं, त्याला समजलं नसावं.

निकाल असा की सगळ्या कारखान्यांनी प्लँट चालू ठेवायचे, मंडळाने दरमहा तपासायचं. इथवर आपण जिंकलो. भरपाईबद्दल न्यायमूर्तींनी लिहिलं की कारखान्याने जाणूनबुजून फसवल्याचा मुद्दा अर्जदारांनीच सोडून दिल्यामुळे मागच्या नुकसानीत हे कोर्ट शिरत नाही, प्रत्येकाने दिवाणी कोर्टात वेगळा दावा लावावा. कोळीवाड्यातल्या प्रत्येकाने. पायाच्या जखमा घेऊन, वेगळा वकील करून, वेगळी वर्षं घालवून. ते होणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

बाहेर वर्तमानपत्रवाले होते. त्यांनी माझा फोटो काढला.

ताई

---

नौपाडा, ठाणे
२८ ऑगस्ट १९९१

चि. उत्तरा,

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याने मला बोलावलं. नको म्हणून पाहिलं, पण परशुराम रिक्षा घेऊनच आला. बँड होता. बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. मला वाटलं, नेहमीसारखी पूजा असेल. पण पाण्याकाठी गेल्यावर आवडाबाईने सोनेरी कागद लावलेला नारळ माझ्या हातात दिला. दरवर्षी त्यांच्या पाटलांचा मान असतो. यंदा वकीलबाईचा, म्हणाले.

पाणी अजून काळंच आहे, पण वास कमी झालाय म्हणतात. मी नारळ सोडला. सगळ्यांनी हात जोडले. माझे जोडलेच जाईनात. आवडाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "तू आमचे खारीचे बाजूनं उभी रायलीस, तुना ती कंधी इसरायची नाय." खाडीला ती खारीच म्हणते. मी त्या क्षणी पाण्यात उतरले असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

परत येताना परशुराम विचारत होता, भरपाईसाठी दिवाणी दावा लावायचा तर तुमीच लावाल ना, ताय? मी हो म्हटलं.

मूर्तीचा पुजारी दागिने विकतो तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? आवडाबाई खाडीची मैत्रीण होती, मी फक्त तिची जीभ. जीभच फितूर झाली. आणि मला साधी शिक्षाही नाही, मान मिळतो आहे.

मी तुला दोष देत नाही. मागणं तुझं होतं, देणं माझं.

ताई

---

डोंबिवली
३० सप्टेंबर १९९१

ती. ताई,

मी उत्तर दिलं नाही कारण मला आनंद झालेला. ते तुला कसं लिहू? जुलैतलं पत्र आलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. खालचं भरपाईचं वाचलं, पण वाचलंच नाही म्हण ना. नारळी पौर्णिमेचं पत्र आलं तेव्हा मात्र ते मी कपाटात कपड्यांखाली ठेवलं, जसं काही ते आपणहून बोलायला लागेल.

काल काय झालं ते सांगते.

दुपारी दारावर मासळीवाली आली. आवडाबाई. तिला माझा पत्ता कोणी दिला नव्हता, ती क्वार्टर्समधून विकत फिरत होती. आता भाऊच्या धक्क्यावरून बर्फातली मासळी आणते आणि दारोदार विकते. मी दार उघडलं आणि तिने मला ओळखलं. मी आईसारखी दिसते म्हणाली. उंबऱ्यातच बसली. तू कशी त्यांच्यासाठी लढलीस ते सांगायला लागली. तिच्या सुनेच्या पायाची जखम चिघळलीय, सायनच्या हॉस्पिटलात नेतात. तरी तुझं कौतुकच चाललेलं. मग एक पापलेट काढून माझ्या हातावर ठेवलं. पैसे घेईना. "तुझे भयनीनं आमचेसाठी एवरं केलं, मी तुझ्याकडनं पैशे घेव?"

ताई, माझ्या हातात तो मासा होता आणि आत आनंद जेवत बसलेला. मला ते सहन झालं नाही. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगून टाकलं. कारखान्याच्या खोट्या कागदावर सही माझ्या नवऱ्याने केली. तो अर्ज मी सोडायला लावला. ताईने माझ्यासाठी सोडला. त्यामुळे तुमची भरपाई गेली.

ती ओरडली नाही. मला आधी वाटलं तिला कळलंच नाही. मग तिने विचारलं, "सख्ख्या भयनी ना तुमी?" मी हो म्हटलं. तिने मान हलवली, पापलेट माझ्या हातातून परत घेतलं, पाटीत ठेवलं, पाटी स्वतःच उचलून डोक्यावर घेतली आणि गेली. मी हात लावायला गेले तर लावू दिला नाही.

आनंद दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मी त्याच्या नकळत तुला पत्र लिहिलेलं हे त्याला तेव्हाच कळलं. काल दुपारपासून तो माझ्याशी बोललेला नाही.

तुला न विचारता मी हे केलं. तुझं नाव गेलं, तुझी सनदही जाईल कदाचित. माफी मागायची तर कोणाची आधी मागू तेच कळत नाही.

उत्तरा

---

नौपाडा, ठाणे
१३ ऑक्टोबर १९९१

चि. उत्तरा,

तू केलंस ते मी करायला हवं होतं, आणि तेही पहिल्याच रविवारी, कालवण शिजत असताना. तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा वकील केला असता आणि आपण दोघी आज एकमेकींना आंब्याची पत्रं लिहीत असतो.

परशुराम आला होता. ऑफिसात अशील बसले होते, म्हणून बाहेर बाकावर थांबून राहिला. सगळे गेल्यावर आत आला. मी खुर्ची दिली, बसला नाही. म्हणाला, "कागद द्या, ताय." मी विचारलं, बाकी काही बोलायचं नाही का? तो म्हणाला, त्याने वाड्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की कोर्टात आपलं माणूस आहे. आता त्यांना काय सांगू, एवढंच तुम्ही सांगा.

मी कागद बांधून दिले. त्याबरोबर फोर्टातल्या एका तरुण वकिलांना चिठ्ठी दिली. माणूस सचोटीचा आहे आणि माझ्या ओळखीतला नाही, मुद्दाम तसाच शोधला. फेरविचाराचा अर्ज करता येतो, पण मुद्दा वकिलाने का सोडला हे कोर्टाला पटायला हवं. ते मीच शपथेवर लिहून देणार आहे. माझं नातं लपवलं, अशिलांना खोटं कारण सांगितलं, त्यांना न विचारता अर्ज सोडला. बार कौन्सिलला प्रत पाठवते. सनदीचं काय व्हायचं ते होऊ दे.

त्यात आनंदरावांचं नाव येणार. या वेळी मी तुला विचारत नाही, कळवते आहे.

ताई

---

कल्याण
१९ जानेवारी १९९२

ती. ताई,

पत्ता बदललाय. आम्ही कल्याणला मोठ्या दिरांकडे आलोय. क्वार्टर्स सोडावे लागले.

तुझं पत्र आनंदने वाचलं. मग एके दिवशी मला म्हणाला, त्या नव्या वकिलाचं नाव काय? मला वाटलं भांडायला जातोय. तो तिथे गेला आणि दुसरं अ‍ॅफिडेव्हिट देऊन आला. प्लँट कधी चालला नाही, टँकर कधी यायचे, सही करायला कोणी सांगितलं, सगळं. मालकांनी दुसऱ्याच दिवशी फाटकाबाहेर उभं केलं.

मी त्याला विचारलं, आवडाबाईमुळे का? तो म्हणाला, नाही, मी रोज तिच्याकडून मासे विकत घेतो असं स्वप्न पडतं म्हणून. माझ्यावरचा राग गेलेला नाही. मी तुझ्याकडे मागितलं ते त्याच्यासाठी नव्हे, क्वार्टर्ससाठी मागितलं, असं एकदा म्हणाला. मी नाही म्हटलं. पण रात्री भांडी घासताना वाटलं, काय माहीत.

आता तो दाढी करतो, रोज. कामाला नसतो, पण करतो.

सायलीने विचारलं, मावशी आपल्या बाजूची आहे की त्यांच्या? मी म्हटलं, मोठी झालीस की सांगेन. तोवर मलाही कळेल कदाचित.

तुझी
उत्तरा

---

नौपाडा, ठाणे
२१ मार्च १९९२

चि. उत्तरा,

कोर्टात काय झालं ते आनंदरावांनी सांगितलंच असेल. भरपाईचा मुद्दा पुन्हा उघडला. कारखान्याच्या डायरेक्टरांना जातीने हजर राहायला सांगितलं. आनंदरावांना न्यायमूर्ती चांगलेच बोलले, आणि पुढल्या तारखेपर्यंत त्यांच्यावरची टांगती तलवार काढली नाही. तू तयारी ठेव. शिक्षा होईल असं मला वाटत नाही, पण होणार नाही असं वचन मी देणार नाही. माझी वचनं कशी असतात हे आपल्याला आता ठाऊक आहे.

आनंदरावांना दिसलं नसेल ते लिहिते.

मी पुढे वकिलांच्या जागेवर नव्हते. सनद निलंबित आहे, काळा कोट घरी ठेवून गेले होते. माझं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवायला लागले तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं, या बाई हजर आहेत का? मी उठले. दोन वर्षांपूर्वी खाडीच्या सहीवर हसलेले ते मोठे वकील मागे वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. हसले नाहीत. हसले असते तर सोपं गेलं असतं. मी उभी होते आणि माझेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. वाचून झाल्यावर न्यायमूर्ती एवढंच म्हणाले, बसा.

बसायला वळले तर माझी जागा कोणीतरी घेतली होती. भरलेलं कोर्ट. मागच्या बाकावर कडेला आवडाबाई होती. नारळी पौर्णिमेनंतर मी तिला पहिल्यांदा पाहिलं. परशुराम तिच्या पलीकडे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच बघत होती, पण शेजारी ठेवलेली कापडी पिशवी तिने उचलली आणि मांडीवर घेतली. एका माणसाची जागा झाली.

ती माझ्यासाठी केली की पिशवी पडेल म्हणून उचलली, हे मी तिला विचारू शकत नाही. त्या बाकापर्यंत मी गेले. तिच्या पदराला मासळीचा वास होता, बर्फातल्या, दुसऱ्या पाण्यातल्या मासळीचा.

मी बसले नाही. कामकाज संपेपर्यंत तिथेच, तिच्या बाकाच्या टोकाला धरून उभी राहिले. ती जागा शेवटपर्यंत रिकामी होती. कोणी बसायला आलं की आवडाबाई हाताने नको म्हणायची.

तुझी
ताई